सोलापूरच्या उन्हात आणि चार दिवसांआडच्या पाण्यात अंड्यांसाठी बदके पाळता येतील का?

अंगणवेल (जुळे सोलापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या घरामागे सुमारे ३० फूट लांब आणि १८ फूट रुंद परस आहे. त्यात एक जुना कडुनिंब, एक शेवगा आणि केळीचे दोन खुंट आहेत. निम्म्या जागेवर शहाबादी फरशी आहे, उरलेली जागा मातीची आहे आणि तिन्ही बाजूंना पाच फुटांची भिंत आहे. घरात आठवड्याला दीड ते दोन डझन अंडी लागतात, सासऱ्यांना तर रोज एक अंडे असते. पूर्वी आम्ही गावठी कोंबड्या पाळल्या होत्या, पण त्या भिंतीवरून शेजाऱ्यांच्या बागेत उतरून त्यांच्या कुंड्या उकरू लागल्या, तेव्हा शेजारधर्म सांभाळण्यासाठी आम्ही त्या देऊन टाकल्या. आता चार बदके आणावीत असा सासूबाईंचा आग्रह आहे. त्यांचे माहेर मंगळवेढा तालुक्यात भीमेच्या काठी आहे आणि तिथे त्यांच्या लहानपणी घरची बदके होती.

माझे घोडे पाण्यापाशी अडते. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, साठवणीची टाकी २,००० लिटरची आहे आणि बोअरचे पाणी मार्चनंतर तळाला जाते. बदकांसाठी गवंड्याने सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट खोल हौद सुचवला आहे. तो एकदा भरायचा म्हटले तरी साडेतेराशे लिटर पाणी लागेल. एवढे पाणी बदकांना द्यायचे तर घरातल्या माणसांनी काय करावे, हा माझा पहिला प्रश्न. हौदाशिवाय बदके पाळता येतात का, आणि येत असतील तर ती सुखाने राहतात का? पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा ती तग धरतात का? अंड्यांसाठी नर पाळावाच लागतो का? आणि बदकाच्या अंड्याला वास येतो असे म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे? ज्यांनी स्वतः बदके पाळली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

माळरान (होटगी रस्ता)

ताई, गवंड्याला आधी थांबवा. असाच हौद मी बांधला, वापरला आणि शेवटी मातीने भरून त्यात पुदिना लावला, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे.

चार वर्षांपूर्वी मी खाकी कॅम्पबेल जातीची सहा पिल्ले आणली आणि ती मोठी झाल्यावर कौतुकापोटी विटांचा हौद बांधून आतून गिलावा केला. पहिल्या दिवशी घरातली सगळी माणसे खुर्च्या टाकून बदकांचे पोहणे पाहत बसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पाणी मुगाच्या वरणासारखे दिसू लागले आणि तिसऱ्या दिवशी त्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत पोचला. बदक जिथे पाणी पिते तिथेच अंग धुते आणि तिथेच घाणही करते. वर चोचीला लागलेले खाद्य आणि चिखल त्याच पाण्यात खळबळून टाकते. तळ्यात किंवा नदीत हे सारे पाण्याच्या पसाऱ्यात जिरून जाते, पण साडेतेराशे लिटरच्या हौदात ते जिरत नाही. तुम्ही पाणी मिळवण्याची काळजी करीत आहात आणि ती रास्त आहे. मात्र माझ्या अनुभवाने खरी अडचण वापरलेले पाणी टाकायचे कुठे, ही आहे. हौद रिकामा करताना ते हिरवे पाणी गटारीत सोडले, तेव्हा गल्लीतल्या चार घरांनी मला ऐकवले आणि त्यांचे काही चुकले नव्हते.

अंड्यांच्या बदकांना पोहण्याची गरज नसते. त्यांना गरज असते ती डोके पूर्ण बुडेल इतक्या खोल पाण्याची. घमेल्यात ताजे पाणी ओतून दोन मिनिटे जवळ उभ्या राहा, म्हणजे मी काय म्हणतो ते दिसेल. बदक आधी चोच बुडवते, मग डोळे बुडेपर्यंत डोके खाली नेते, नाकपुड्यांतून बुडबुडे सोडते आणि मान झटक्याने मागे टाकून तेच पाणी स्वतःच्या पाठीवर ओतते. पाण्याचे मणी पिसांवरून घरंगळून जातात आणि मग ते शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीला चोच घासून तिथले तेल पिसापिसाला लावत बसते. डोळे आणि नाकपुड्या रोज अशा धुतल्या गेल्या नाहीत तर डोळ्यांत चिकटा धरतो आणि नाकपुड्या खाद्याने बुजतात. कोंबड्यांचे उथळ भांडे यासाठी निरुपयोगी आहे. पाणी किमान सहा इंच खोल हवे.

माझी सध्याची व्यवस्था अशी आहे. केळीच्या वरच्या अंगाला दोन फूट लांब-रुंद आणि फूटभर खोल खड्डा घेऊन त्याच्या तळाशी विटांचे तुकडे आणि वर खडी भरली आहे, तोंडावर जाड लोखंडी जाळी टाकली आहे आणि तिच्यावर दोन खोल घमेली ठेवली आहेत. बदकांनी उडवलेले पाणी जाळीतून खाली जाते, घमेले उपडे केले की तेही तिथेच जाते आणि एका चरातून केळीच्या आळ्यात उतरते. त्यामुळे चिखल होत नाही आणि डासही होत नाहीत. सहा बदकांना हिवाळ्यात मला रोज सुमारे २० लिटर आणि एप्रिल-मे महिन्यांत ४० लिटर पाणी लागते. तुमच्या चार बदकांसाठी याहून कमी लागेल. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी अंघोळीच्या घमेल्यात चालते, परंतु साबणाचा अंश असलेले पाणी चुकूनही देऊ नये, कारण पिसांवरचे तेल निघून गेले की बदक भिजते, कुडकुडते आणि आजारी पडते. केळीबद्दल एवढेच सांगतो की गेल्या वर्षी घड धरला तेव्हा झाडाला टेकू द्यावा लागला.

आता उन्हाविषयी. सोलापूरचा मे महिना बदकांना आवडत नाही, पण तो माणसांनाही कुठे आवडतो? कडुनिंबाची गडद सावली असेल तर ती निभावून नेतात. दुपारी ११ ते ४ या वेळात ती चोच उघडी टाकून धापतात आणि हालचाल करीत नाहीत. त्या वेळी पाणी मात्र सावलीत आणि थंड असावे लागते. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्यावे. तुमच्या शहाबादी फरशीकडे विशेष लक्ष द्या. दुपारी ती तव्यासारखी तापते. बदकाचा तळपाय पातळ कातड्याचा असतो, तो आधी भाजतो आणि मग खरबरीत जागी चालून त्याला गाठ येते. माझ्या एका मादीचा पाय असाच सुजून ती महिनाभर लंगडत होती. फरशीचा भाग सरळ कुंपणाने वेगळा करा आणि बदकांना मातीवरच ठेवा.

रात्रीच्या खुराड्याला दर बदकामागे साडेतीन ते चार चौरस फूट जागा पुरते. बदक दांडीवर बसत नाही, जमिनीवरच बसते, म्हणून खाली लाकडाचा भुसा किंवा बारीक कापलेला कोरडा कडबा घालावा आणि ओला झालेला भाग रोज काढावा. छताला नुसता पत्रा घालू नका. घातलाच तर वर उसाच्या पाचटाचा जाड थर द्या. भिंतींना वरच्या बाजूने वारा खेळायला जाळी हवी आणि ती बारीक हवी, कारण आमच्याकडे मुंगसाने अडीच इंचांच्या फटीतून शिरून एक मादी नेली. उरलेली पाच त्यानंतर चार दिवस भेदरलेली होती आणि त्या चार दिवसांत एकही अंडे मिळाले नाही.

बदके बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी ९ पर्यंत घालतात. म्हणून त्यांना साडेआठ-नऊपर्यंत खुराड्यातच ठेवावे. लवकर सोडली तर अंडे शेवग्याखाली, पाटात, कुठेही पडते आणि कावळ्यांचे फावते. वर्षाला २५० ते ३०० अंडी ही या जातीची कीर्ती आहे. माझ्याकडे नीट सांभाळूनही एका मादीमागे २०० च्या आसपासच मिळतात. मे महिन्यात उतार येतो आणि पिसे झडू लागली की काही आठवडे पूर्ण बंद. चार माद्या तुमची गरज वर्षाचे बहुतेक महिने भागवतील, बाराही महिने नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या शेजाऱ्यांसाठी. बदक कोंबडीसारखे नखांनी उकरत नाही आणि खाकी कॅम्पबेल पाच फुटांची भिंत ओलांडत नाही. कोवळी पालेभाजी मात्र ते चोचीने साफ करते.

जुना पशुधन पर्यवेक्षक (मोहोळ)

वरील उत्तरातील पाण्याची व्यवस्था उत्तम आहे. खाद्य आणि आजार यांबद्दल मी भर घालतो, कारण परसातील बदके पाण्यावाचून मरतात त्याहून अधिक ती बुरशीने मरतात, असे माझ्या नोकरीच्या काळात माझ्या पाहण्यात आले.

आपल्या जिल्ह्यात शेंगदाण्याची पेंड सहज मिळते आणि प्रथिनांसाठी ती कोणालाही मोहात पाडते. परंतु शेंगदाणा आणि मका दमट जागी राहिले की त्यांच्यावर वाढणाऱ्या बुरशीतून अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते यकृतावर आघात करते. कोंबडी जेवढे विष पचवून जाते तेवढ्याने बदकाचे पिल्लू दगावते. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी एक लाखाच्या संख्येने मेले, तेव्हा त्यांच्याबरोबर बदकांची पिल्लेही मेली होती आणि सर्वांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती. या विषाचा शोध त्यातूनच लागला. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याने पावसाळ्यात गोठ्यात पडून राहिलेली पेंड फोडून पिल्लांना घातली. वरून ती पेंड ठीक दिसत होती, आतून फोडल्यावर किंचित हिरवट होती. सोळांपैकी अकरा पिल्ले आठवड्याभरात मान वाकडी करून गेली. पेंड वापरायचीच असेल तर ताजी आणि थोडी आणावी, ऊन दाखवून कोरड्या डब्यात ठेवावी आणि शंका आली तर उकिरड्यावर टाकावी. गुरांनाही घालू नये. सरकीची पेंड बदकांना देऊ नये. तिच्यातील गॉसिपॉलमुळे अंड्याचा बलक काळपट-हिरवट पडतो आणि घरातली माणसे अंडे नासले म्हणून फेकून देतात.

मोठ्या बदकाला दिवसाला साधारण १५० ते १७० ग्रॅम खाद्य लागते. बाजारात कोंबड्यांचे अंडी-खाद्य मिळते, ते गोळीच्या रूपात असेल तर अधिक चांगले. भुकटी असेल तर थोडी ओलवून द्यावी, कारण कोरडी भुकटी बदकाच्या चोचीत चिकटून घशाशी अडकते. खाद्यासमोर पाणी असलेच पाहिजे, हा नियम कधीही मोडू नये. ओलवलेले खाद्य उन्हाळ्यात दोन तासांत आंबते, म्हणून पुरेल तेवढेच भिजवावे. आपली ज्वारी बदके आवडीने खातात. भरडलेली ज्वारी, गव्हाचा कोंडा, तुरीची चुनी आणि हिरवा मेथीघास यांनी खर्च हलका होतो, पण एकट्या ज्वारीवर अंडी मिळत नाहीत. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या मादीला हवा ती खाते.

पिल्लांच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य बदकाच्या पिल्लांना घातले की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती गुडघ्यांवर बसू लागतात आणि लोक त्याला लकवा म्हणतात. बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरेच अधिक लागते आणि ते कमी पडल्याचे हे लक्षण असते. खाद्यात यीस्ट मिसळावे किंवा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाण्यातून ब जीवनसत्त्वे द्यावीत. वेळेवर दिली तर पिल्ले उभी राहतात, उशीर झाला तर पाय कायमचे वाकतात. पायांवरून आणखी एक आठवले. कोंबडी आपण पाय धरून उचलतो, बदक तसे उचलू नये. त्याचा पाय नाजूक असतो आणि सांध्यातून निखळतो. दोन्ही हातांनी पंखांसकट अंग धरावे.

आजारांमध्ये बदकांचा प्लेग हा विषाणूजन्य आजार आणि पाश्चुरेला जिवाणूमुळे होणारा कॉलरा हे दोन महत्त्वाचे आहेत. प्लेगची लस साधारण आठ ते बारा आठवड्यांच्या वयात देतात. लस कधी उपलब्ध होते ते जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवावे, कारण चार पक्ष्यांसाठी शंभर मात्रांची कुपी फोडायला कोणी तयार होत नाही आणि तुम्हाला इतर पाळणाऱ्यांबरोबर वेळ जुळवावी लागते. बर्ड फ्लूचा विषाणू बदकाच्या अंगात असूनही ते ठणठणीत दिसू शकते, हे विसरू नये. भारतात हा आजार प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आढळला होता. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर रोहित, पट्टकादंब आणि रानबदके उतरतात, हिप्परगा तलावावरही पाहुणे पक्षी असतात. म्हणून हौस म्हणून घरची बदके तलावावर फिरवून आणू नयेत आणि घरात अचानक दोन-तीन पक्षी एकदम मेले तर हात न लावता दवाखान्याला कळवावे. अंडी गोळा केल्यावर हात साबणाने धुण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

जाता जाता जातीविषयी. खाकी कॅम्पबेल ही जात इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायरच्या अॅडेल कॅम्पबेल या बाईंनी १९०१ च्या सुमारास पुढे आणली आणि तिच्यात इंडियन रनर बदकाचे रक्त आहे. नावात इंडियन असले तरी रनर मूळचे इंडोनेशियाच्या बेटांवरचे आहे. दिसायला ते बाटली उभी ठेवल्यासारखे दिसते आणि अंडीही भरपूर देते. पांढरे पेकिन मुख्यतः मांसासाठी असते. ते देखणे आहे म्हणून भुलून आणू नका.

मागावरचा (पूर्व भाग)

वरची दोन्ही उत्तरे वाचली आणि तरीही माझे मत कोंबड्यांच्या बाजूनेच आहे. कोंबडीला पाण्याची वाटी पुरते, तिची विष्ठा कोरडी असते आणि तिचे अंडे मागितले तर शेजारी घेतात. बदक ठेवणे म्हणजे घरात कायमचा ओला कोपरा ठेवणे होय. मी दोन वर्षे तीन बदके ठेवली होती. आमच्या बोळात दिवसभर माग चालतात, त्यामुळे आवाजाची तक्रार कोणी केली नाही, उलट खडखडाटात बदके ओरडतात हे महिनाभर कोणाला कळलेच नव्हते. पण रात्री माग बंद पडले की कुत्रे भुंकल्याबरोबर माद्या एकसुरात गॅकगॅक सुरू करीत आणि ती थांबता थांबत नसत.

माझे बदक पाळणे मात्र आवाजामुळे नव्हे, सुतामुळे बंद पडले. आमच्या अंगणात मागावरचे तुटलेले धागे कितीही झाडले तरी राहतातच. बदक चिखलातून चोचीने सगळे चाळत जाते आणि धागा त्याला गांडुळासारखा वाटतो. एका मादीने खाणे सोडले म्हणून तोंड उघडून पाहिले तर जिभेच्या बुडाला सुताचा फास बसून जीभ निळी पडली होती आणि धाग्याचे दुसरे टोक घशात उतरलेले होते. कात्रीने फास तोडला, पण पोटातला गोळा निघाला नाही. खिळे, तारेचे तुकडे, नाणी यांचेही तसेच असते. ती गिळली की पोटात झिजून विषबाधा होते. अंगणवेल ताई, तुमच्या परसात कधी बांधकाम झाले असेल तर बदके आणण्यापूर्वी चुंबक फिरवून तारा आणि खिळे वेचून काढा. एवढे करून आणायचीच असतील तर आणा.

शिळी भाकरी (बार्शी)

मी फक्त स्वयंपाकघरापुरते लिहिते. वास अंड्याला नसतो, खाद्यातून येतो. सुकट किंवा मासळीचा चुरा घातलेल्या बदकाचे अंडे वास मारते. ज्वारी, चुनी आणि हिरवा पाला खाणाऱ्याचे मारत नाही. आमच्या घरी पाहुण्यांना भुर्जी खाऊ घातल्यावरच आम्ही ती कशाची आहे ते सांगतो, आणि अजून कोणी ताट सरकवलेले नाही.

बदकाचे अंडे साधारण ७० ग्रॅम भरते. कवच जाड असते, त्यामुळे कढईच्या काठावर आपटून फुटत नाही, सुरीच्या पाठीने टिचवावे लागते. बलक मोठा आणि पांढरे दाट असते. उकडायचे तर पाण्याला उकळी आल्यावर १२ मिनिटे ठेवावे. अर्धेकच्चे खाऊ नये, कारण चिखलात पडलेल्या अंड्याच्या कवचातून साल्मोनेला जिवाणू आत जाऊ शकतात. आम्लेट मंद आचेवर झाकण ठेवून करावे, मोठ्या आचेवर पांढरे रबरासारखे होते. केक मात्र असा फुलतो की मुले कोंबडीच्या अंड्याचा केक पुन्हा मागत नाहीत. अंड्याच्या रश्श्यात आमच्याकडे काळा मसाला आणि शेंगदाण्याचे कूट घालतात, त्याला हे अंडे फार चांगले पेलते, कारण ते रश्श्यात फुटून विरघळत नाही.

तुमच्या सासऱ्यांच्या रोजच्या अंड्याबद्दल एक सूचना. बदकाच्या अंड्यात चरबी आणि कोलेस्टेरॉल अधिक असते. १०० ग्रॅमला कोलेस्टेरॉल सुमारे ८८० मिलिग्रॅम, तर कोंबडीच्या अंड्यात सुमारे ३७० मिलिग्रॅम. हृदयाचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारून द्या. मुलांपैकी कोणाला कोंबडीच्या अंड्याची अॅलर्जी असेल तर बदकाचे अंडे सुरक्षित आहे असे समजू नका.

आणि श्रावणाचा विचार आत्ताच करून ठेवा. आमच्या घरात महिनाभर अंडे शिजत नाही, बदकांना मात्र ते कोणी सांगितलेले नसते. पहिल्या वर्षी माझ्या फ्रिजमध्ये ७४ अंडी साठली होती. धुतलेले अंडे लवकर खराब होते, म्हणून ती कोरड्या फडक्याने पुसून ठेवावीत आणि तारीख पेन्सिलीने लिहावी.

अंगणवेल (जुळे सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. हौदाचा बेत रद्द केला आहे. सासूबाईंना पाण्याचे सगळे वाचून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या की माहेरी बदके सकाळी नदीवर जात आणि संध्याकाळी आपण होऊन परत येत, त्यामुळे त्यांच्या पाण्याचा हिशेब कोणी कधी केलाच नव्हता. परसात आम्ही सात वर्षांपूर्वी खोली बांधली होती, म्हणून मागावरचा यांच्या सांगण्यावरून मुलांनी जुन्या स्पीकरमधले चुंबक दोरीला बांधून मातीत फिरवले. दोन संध्याकाळींत बांधणीच्या तारेचे तुकडे आणि खिळे मिळून डालडाचा जुना डबा अर्धा भरला. ते पाहिल्यावर मला जरा घामच फुटला.

दोन शंका राहिल्या आहेत. चारही माद्याच आहेत हे घेताना कसे ओळखावे, आणि पिल्ले कोणत्या महिन्यात आणावीत?

माळरान (होटगी रस्ता)

एका दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखणे जाणकाराचेच काम आहे. सहा ते आठ आठवड्यांची झाली की आवाजावरून कळते. पिल्लू हातात धरले असता ते मोठ्याने, स्पष्ट गॅक असे ओरडले तर मादी, आणि घसा बसल्यासारखा खरखरीत, दबका आवाज आला तर नर. पुढे नराच्या शेपटीवर एक-दोन पिसे वर वळून त्यांचा आकडा होतो, पण तोपर्यंत थांबायची गरज नाही. म्हणून दोन महिन्यांची पिल्ले मिळाली तर थोडे अधिक पैसे देऊन तीच घ्यावीत. सुरुवातीचे ऊब देण्याचे दिवसही त्यात टळतात. नुसती खाण्याची अंडी हवी असतील तर नराची मुळीच गरज नाही. नर नसताना माद्या तितकीच अंडी घालतात आणि त्यांच्यात जीव धरत नसल्याने ती टिकतातही अधिक. पुढेमागे पिल्ले काढायची झाली तर पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. मात्र खाकी कॅम्पबेल स्वतः अंड्यांवर बसत नाही, त्यासाठी खुडूक गावठी कोंबडी शोधावी लागते आणि ती बिचारी २१ ऐवजी २८ दिवस बसते.

मृगाचा पाऊस पडून हवा थंडावली की आणा. जूनअखेरीस दोन महिन्यांची आणली तर दिवाळीच्या आगेमागे अंडी सुरू होतात आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत ती पुरती वाढलेली असतात. एप्रिलमध्ये लहान पिल्ले आणण्याचे धाडस करू नका.

जुना पशुधन पर्यवेक्षक (मोहोळ)

जातिवंत पक्षी हवे असतील तर बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथे केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, तिथे बदकांचीही पैदास होते. उपलब्धता विचारून मगच जावे. आठवडी बाजारात पाय बांधून विकायला ठेवलेली बदके घेऊ नयेत. ती कोणत्या आजारातून आली आहेत ते कळत नाही आणि पाय तर बहुधा दुखावलेलेच असतात. कुठूनही आणली तरी नवे पक्षी दोन आठवडे वेगळे ठेवून त्यांची विष्ठा, चाल आणि डोळे पाहावेत. तुमच्याकडे आधीचे पक्षी नाहीत, म्हणून हे काम तुम्हाला सोपे जाईल. दुसरी खेप आणाल तेव्हा मात्र हे लक्षात ठेवा.

अंगणवेल (जुळे सोलापूर)

ठरले. जूनअखेरीस दोन महिन्यांच्या चार माद्या. मधल्या मारुतीपाशी दोन खोल घमेली मिळाली. दुकानदाराने बदकांसाठी म्हटल्यावर दोनदा विचारले, पण आठ इंचांची खोली टेपने मोजूनच घेतली. गवंड्याने हौदासाठी २०० विटा आणून टाकल्या होत्या. त्यांतल्या फुटक्या विटा त्याच्याकडूनच बारीक करून केळीवरच्या खड्ड्यात भरून घेतल्या आणि उरलेल्यांचा खुराड्याचा ओटा बांधायला उद्या तो पुन्हा येणार आहे.